आरा

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आरामशीन आहे.
लकडगंजात दुसरं काय असणार.
सागाचा ओंडका चढला की
सातवी 'ब'चा अर्धा तास त्याच्या नावे.
एकोणीस वर्षं मी त्याच्यावरून बोलले,
नाल्यावरून उडी मारावी तशी, रोज, साडी सावरत,
आणि पाय कधी भिजला नाही म्हणून
नाला लहान आहे असं समजत.

एकदा भर तासाला वीज गेली.
आरा ओंडक्यात अडकून थांबला,
माझं वाक्य थांबलं नाही.
"छेद समान करून घ्या!"
त्या शांततेत ते एवढं मोठं निघालं
की पोरं आधी दचकली, मग हसली.
मी पण हसले.
घरी हे म्हणायचे, "इथंच बसून आहो मी,
ओरडून काहून राहिली?"
मी ओरडत नव्हते.

फेब्रुवारीत आवाज फाटला.
आधी कडेनं, जुन्या चादरीसारखा,
मग मधोमध.
हजेरी घेताना गेडामपर्यंत पोचले
आणि नंदनवारच्या वाट्याला नुसती हवा आली.
ती तरीही 'हजर' म्हणाली.

मुख्याध्यापकांनी ज्येष्ठमध दिलं,
खिचडीवाल्या कांताबाईंनी मध-हळद.
बोधनकर सर म्हणाले, "माझाही जातो दरवर्षी,
दिवाळीच्या सुट्टीत येतो परत."
त्या दिवशी स्टाफरूममध्ये पहिल्यांदा लक्ष गेलं,
सगळेच खाकरतात.
आम्हाला वाटायचं हे नोकरीतच धरलेलं आहे,
खडूसारखं, जनगणनेसारखं.

मेडिकलच्या ओपीडीत नाकातून दुर्बीण घातली.
पडद्यावर मी माझं बोलणं पाहिलं.
दोन पांढऱ्या पट्ट्या,
सेकंदाला दोनशेदा एकमेकींवर आपटणाऱ्या,
आणि त्यांच्यावर समोरासमोर दोन गाठी,
ज्वारीच्या दाण्याएवढ्याही नाहीत.
आऱ्यावरच्या माणसाच्या तळहाताला पडतात, तसे घट्टे.
डॉक्टर म्हणाले, कापायची घाई नको,
आधी तस्नीमकडे जा.

तस्नीम माझ्या पहिल्या बॅचच्या पोरींएवढी.
म्हणाली, दहा दिवस बोलायचं नाही.
कुजबुजायचं तर मुळीच नाही.
खाकरावंसं वाटलं की घोट घ्या.
मग पेल्यात पाणी, पाण्यात नळी,
नळीतून 'ऊऊ' करत बुडबुडे.
बावन्न वर्षांची मी, पदवीधर वेतनश्रेणी,
बुडबुडे काढत बसले.
मजा आली, खोटं कशाला बोलू.
वहीत लिहून विचारलं, 'आणि आरा?'
ती बराच वेळ माझ्या अक्षराकडे बघत राहिली.
"त्याचा व्यायाम माझ्याकडे नाही, मॅडम."

मार्चमध्ये परतले तेव्हा बाहेर एकेचाळीस डिग्री.
खिडक्या लावाव्या तर पोरं उकडतात,
उघडाव्या तर भुसा आणि आरा आत येतो.
बाकं ओढून अर्धगोल केला, शेवटचं बाक रद्द.
सीताबर्डीवरून माईक आणला, साडेआठशेचा, पदरचा.
तो मध्येच शिट्टी मारतो, पोरांना तेच आवडतं.
वर्ग बदलून मिळण्याचा अर्ज पालिकेत आहे.
आहे म्हणजे तिथंच आहे.

एका सकाळी गेडामनं टेबलावर
सागाचे दोन ठोकळे ठेवले, रंधा मारून गुळगुळीत.
"बाबानं दिले. आवाज द्यायचा नाही, हे वाजवायचे."
त्याचा बाप भिंतीपलीकडे असतो
हे मला त्या दिवशी कळलं.
गेडाम ते नेहमीसारखाच म्हणाला होता,
अख्ख्या वर्गाला, व्हरांड्याला ऐकू जाईल असं.
मी पाटीवर लिहिलं, 'हळू बोल, घसा जपावा.'
तो म्हणाला, "सवयच आहे मॅडम.
बाबाले ऐकू येत नाही आता."

वर्षभर मी त्याला
'हळू बोल' म्हणून ओरडत होते.

ठोकळे एकमेकांवर आपटले, एकदाच.
वर्ग गप्प झाला.
आरा चालूच होता.
नंदनवारनं विचारलं, "मॅडम, आज कोणतं उदाहरण?"
मी घोट घेतला.