जमाखर्च, एक्स-रे रजिस्टरच्या मागच्या पानावर

मिरजेत, स्टेशनकडून येणारा रस्ता दवाखान्यांत शिरतो
तिथल्या एका तळघरात मी हाडांचे फोटो काढतो.
सहा वर्षं झाली.
"श्वास घ्या. रोखा. हलू नका."
दिवसातनं चाळीसेक वेळा एवढंच बोलायचं
आणि सव्वासातच्या बेडग गाडीला लोंबकळायचं.

भिशी फुटली. अठ्ठावन्न हजार.
आकडा वर लिहिला, खाली रेघ मारली.
दस्तगीर म्हणाला, शोरूमला जाऊ,
नुसतं बसून बघायला काय पैसे पडत्यात?
गेलो. बसलो.
लाल टाकीत माझं तोंड आडवं पसरलं.
ऑन रोड एक लाख चौदा, सर, बाकीचं हप्त्यानं.
हप्ता म्हटलं की मला आमचा टीव्ही आठवतो:
हप्ते बावीस,
टीव्ही अठराव्यालाच गेला.

मग नरवाडच्या नेमगोंडा चौगुल्यांची जुनी गाडी.
पानांचे डाग वाहून मागनं जरा बसलेली,
कॅरिअरला सुतळीचे वळ.
अयूब मिस्त्रीनं इंजिनाला कान लावला,
आमच्या गल्लीत सतारीच्या भोपळ्याला लावतात तसा.
"टॅपेट वाजतंय," म्हणाला, "पण सुरात."
अठ्ठेचाळीस सांगितले, चव्वेचाळीसला तुटलं.

मागचा टायर एकवीसशे.
चेन आणि चक्कर सोळाशे.
नाव बदलायचं, विमा, एजंटचा चहा धरून सत्तावीसशे.
राहिले सात हजार सहाशे.

इथं दस्तगीरनं पेन काढून घेतला.
"झालं की. उरल्यात त्यात सीट कव्हर टाक, पार्टी दे."
मी पेन परत घेतला.

कारण माझ्याकडं माणसं गाडीवरनं पडल्यावर येतात.
पडताना माणूस हात पुढं करतो,
जमिनीला थांब म्हणतो.
जमीन थांबलेलीच असते.
मनगटात एक हाड आहे, होडीसारखं, काजूएवढं,
ते मोडलं की फोटोत लवकर दिसत पण नाही,
पंधरा दिवसांनी पुन्हा या म्हणावं लागतं.
हातमोजे, तळव्याला जाड पट्टी असलेले: साडेबाराशे.
घोटे पाहिलेत. चपलेतले.
बूट एकोणीसशे.
आणि हनुवट्या.
अर्ध्या टोपीखालच्या हनुवट्यांबद्दल
मी घरी काही सांगत नाही.
हेल्मेट, पूर्ण तोंडाचं, तीन हजार चारशे.

"पुलाखाली साडेतीनशेला मिळतंय की," दस्तगीर.
"पोलिसाला दाखवायला तेवढं बास."
म्हटलं, पोलीस पुढनं बघतो,
मी मागनं बघतो, दिवा लावून.

जॅकेट बसलं नाही. हिशोबात.
अंगात छान बसलं होतं,
आरशापुढं दोनदा वळून पण बघितलं.
पेन्सिलनं लिहून ठेवलंय, शेजारी दिवाळी, त्यापुढं प्रश्नचिन्ह.
राहिले एक हजार पन्नास. पेट्रोल.

चौगुले म्हणाले, पानखुडा उरकू दे, मग न्या.
त्यामुळं पंधरा दिवस हेल्मेट होतं आणि गाडी नव्हती.
पहिल्या दिवशी एसटीत मांडीवर घेऊन बसलो,
कंडक्टरनं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं,
"ह्याचं हाफ फाडू का?"
सगळी गाडी हसली. मीही.
आईनं त्यात तिसऱ्या दिवशी लसूण ठेवला.

रविवारी नरवाडला गेलो.
पानमळ्याच्या कडेला गाडी पुसून उभी होती.
बूट, मोजे, हेल्मेट, पट्टा टक्.
काच खाली ओढली
आणि बाहेरचं सगळं लांब गेलं,
आत नुसता माझा श्वास, मोठ्यानं,
लसणाच्या वासाचा.
मग तोही थांबला.
फोटो झाला की मी पेशंटला म्हणतो, "हं, सोडा."
असं म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

क्लच सोडला.
गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली.
वेलांतनं चौगुल्यांचा आवाज आला,
"चोक वढा की वो, चोक!"