आडवा वारा, उभा वारा

कुचेरा बाईंच्या टेबलावर दोन बाटल्या,
तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने गच्च बांधलेल्या.
एकीत पाणी, एक रिकामी.
"एमेट, उलटी कर," बाई म्हणाल्या.
उलटी केली तर पाणी अडूनच बसलं.
एक बुडबुडा. मग उशिराने दुसरा.
डुबुक, डुबुक, जांभई येईल असं.
"आता गोल फिरव."
गर्रकन मधोमध भोक पडलं,
भोकातून हवा वर, कडेकडेने पाणी खाली,
सरसर सरसर सगळं रिकामं!
"टोर्नेडो!" मारिसोल ओरडली.
"त्याची नक्कल," बाई म्हणाल्या.
"खऱ्याला फिरवायला एमेटचा हात कुठून येणार?"

गाव नेब्रास्कातलं. पाण्याची एक टाकी, एक उंच धान्यकोठार,
बाकी चहूकडे नुकताच रुजलेला मका.
वाऱ्याला अडवेल असं काहीच नाही.
मे महिन्यात दक्षिणेच्या आखातावरून हवा येते
ओली, ऊबदार, अंगाला चिकटणारी.
पश्चिमेच्या डोंगरांवरून उतरते ती कोरडी ठाक,
आणि फार उंचावर, विमानांच्या वाटेवर, गारठलेली.
एकावर एक तीन गोधड्या,
आणि सगळ्यात खालचीलाच वर जायची घाई.

बाईंनी पेन्सिल घेतली,
दोन तळव्यांमध्ये आडवी धरली.
"खालचा तळवा जमिनीलगतचा वारा, सावकाश.
वरचा तळवा उंचावरचा, सुसाट."
वरचा हात पुढे सरकला
आणि पेन्सिल लाटण्यासारखी लोळू लागली.
"अशीच हवेची एक गुंडाळी आभाळात लोळते,
आडवी, कुणाला न दिसता.
मग खालून उसळते ऊबदार हवा,
गुंडाळीला पोटात ढुशी देते
आणि उभी करते."
पेन्सिल उभी राहिली.
मागच्या बाकावरची कुजबुजही थांबली.

(वावटळ वेगळी बरं का. ती पोरकट,
तापल्या मातीतून उठते, चार पानं उडवते, विरते.
चक्रीवादळ समुद्राचं, शेकडो मैल रुंद, दिवसचे दिवस चालणारं.
हा मात्र ढगातून लोंबतो,
बहुतेक वेळा काही मिनिटांचा पाहुणा.)

"सगळेच ढग असं करतात?" टेसाने विचारलं.
"छे. खूप ढग नुसते गडगडतात.
थोडे आतून फिरू लागतात.
फिरणाऱ्यांतलेही बरेच
गारा टाकून निघून जातात."
"मग कुठला खाली उतरणार ते कसं कळतं?"
बाईंच्या हातात खडू तसाच राहिला.
"पूर्ण कळलेलं नाही अजून.
माणसं रडार घेऊन ढगांमागे गाड्या पळवतात,
तरी चकतात.
तू मोठी झालीस की मला सांग."

तेवढ्यात भोंगा.
सरावाचा भोंगा पहिल्या बुधवारी वाजतो.
आज गुरुवार होता.

शिपाई दुदेक काका दारं लोटत आले.
"आतल्या बोळात! भिंतीशी बसा, डोकी झाका!"
"खिडक्या उघडायच्या ना? माझी आजी उघडते."
"आजीला सांग, वाऱ्याला दार लागत नाही.
तू खाली बस."
बाहेर आभाळ कच्च्या कैरीच्या सालीसारखं हिरवट.
छपरावर गारा ताडताड.
मारिसोलने एमेटचा हात धरला, मग सोडला,
मग पुन्हा धरला.
बाई हळू आवाजात गारा मोजायला सांगत होत्या.
कुणालाच मोजता येत नव्हत्या.

तो गावाच्या उत्तरेने गेला, दोन मैलांवरून.
एमेटच्या आत्याचा गोठा आडवा केला.
शेजारच्या खुराड्याचं साधं दारही उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं टेप घेऊन आली,
वाकलेले खिळे पाहिले, मोडलेल्या तुळया मोजल्या.
तो असताना त्याला कोण मोजणार?
तो गेल्यावर, त्याने काय मोडलं त्यावरून
आकडा ठरतो, शून्य ते पाच.
त्यांनी वहीत लिहिलं: एक.

"फक्त एक?" एमेट म्हणाला.
आत्या काहीच बोलली नाही.
खुराड्यात वाकून ती कोंबड्या मोजत होती,
अकरा झाल्या की पुन्हा पहिलीपासून.