टेबलाखालचं मूल

कुशिरोत धुकं असं उतरतं
की समोरची इमारत न सांगता रजेवर गेलीय असं वाटावं.
बंदरातला भोंगा थांबून थांबून हाक देतो,
आहात ना, आहात ना.
अशा सकाळी बालकल्याण केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर
रॉकेलच्या शेगडीभोवती पाच नवे चेहरे,
कोऱ्या डायऱ्या,
अजून एकाही पेनाचं टोपण हरवलेलं नाही.

पहिला धडा मी दारातच देते.
बूट मोजा.
आपल्याकडे घरात शिरताना वाकावंच लागतं,
वाकलात की मोजून घ्या.
लहान मापाचे किती, ओले किती,
या थंडीत कुणाच्या नावावर नुसत्या उन्हाळी सपाता.
आई म्हणाली पोर एकच, आणि बूट दोघांचे दिसले,
तर लगेच तोंड उघडू नका.
चहा दिला तर घ्या. कप दोन्ही हातांनी धरा.
हात थरथरला तर चहा गरम आहे म्हणता येतं.

यातलं काही पुस्तिकेत नाही.
पुस्तिकेत तक्ता आहे, धोका कमी, मध्यम, जास्त,
आणि खुणा करायला चौकोन.
मी चौकोनांना हसत नाही.
पहाटे तीनला फोन वाजतो,
आपलं डोकं अजून उशीवरच असतं,
तेव्हा ते चौकोनच बोट धरून नेतात.

दुपारी सराव.
कुणी आई होतं, कुणी शेजारीण,
कुणी दाराला साखळी लावून बोलणारा बाप.
मूल व्हायला कुणी धजत नाही.
म्हणून दरवर्षी मीच होते,
मुराकोशीबाई, वय एकोणसाठ,
गुडघ्यातलं वंगण संपलेली,
रांगत टेबलाखाली जाते.

नागिसा ओबाराची पाळी.
बांगड्या-तारलीच्या होडीवर वाढलेली मुलगी,
आवाज वाऱ्याच्या वर चढवायची सवय,
तो खाली आणायला शिकतेय.
नाव काय तुझं?
मी गप्प. गप्प राहणं माझ्या सोंगात होतंच.
शाळेत कोण आवडतं?
गप्प.
जेवलास का?

आणि तिथे, टेबलाच्या पोटाशी,
जिथे कुणीतरी कधीकाळी च्युइंगगम चिकटवलंय,
मला रिकुतो आठवला.
आठवला कसला,
तो माझ्या आधीच येऊन बसला होता.

बावीस वर्षांपूर्वीचा मार्च.
दारात तीन जोड. मी तीन मोजले,
तीन मुलं पाहिली, तीन खुणा केल्या.
चौथ्याकडे बूटच नव्हते.
ज्याला कुठे जायचंच नाही त्याला कशाला बूट?
पुढल्या मंगळवारी मी पोचले
तेव्हा रुग्णवाहिका आधीच आली होती.
तो वाचला.
एवढंच सांगायची मला परवानगी आहे.
कचेरीनं दोन दिवस रजा दिली, एक अर्ज दिला,
खिडकीत ठेवायला एक कुंडी दिली.
जेवलीस का, हे कुणी विचारलं नाही.

सरावाची घंटा वाजली.
बाकीच्यांनी पेनांना टोपणं लावली.
मी बाहेर आले नाही.
माझा चेहरा तेव्हा सोंगाच्या कामाचा राहिला नव्हता.

नागिसा उठली नाही.
काय झालं म्हणाली नाही, पाठीवर हात ठेवला नाही.
फरशीवर मांडी ठोकून बसली,
डब्यातला भाताचा गोळा, शेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेला,
माझ्याकडे सरकवला,
आणि भिंतीकडे बघत म्हणाली,
मला घाई नाही.

हे मी तिला शिकवलं नव्हतं.
बहुतेक होडीवर शिकली असेल.

मी खाल्ला. सगळा.
भात थंड होता, मीठ जरा जास्त.

उद्यापासून दारात एक ओळ वाढवणार आहे.
बूट मोजून झाले की विचारा,
या मोजणीत कोण आलं नाही?
आणि दर शुक्रवारी चारला शेगडीजवळ बसायचं,
पोटात कुणाचं घर घेऊन
कुणी एकट्यानं आपल्या घरी जायचं नाही.
मीसुद्धा.

निघताना गुडघे वाजले.
दोन बाजूंनी दोन हात आले.
एरवी मी राहू दे म्हणते.