ढोलक्याला कोण विचारतं

वजीर अस्करनं बितानाला विकत घेतलं :
दोन याक, कालव्याकाठचं एक शेत.
बदल्यात अंगात आल्यावर
एवढंच म्हणायचं,
पऱ्यांना गादीवर धाकटा हवा.

मला कुणी विचारलं नाही.

किल्ल्याच्या गच्चीवर जुनिपर पेटवलं.
मीर गालिच्यावर. थोरला जमशेर उभा,
हात कमरेच्या सुरीपाशी.
धाकटा आईच्या मांडीवर पेंगत,
हनुवटीला जर्दाळूचा गर.
नियत बितान धुरात डोकं खुपसून घुमला,
बोकडाचं रक्त प्यायला, नाचला.
छान नाचला.
तरुणपणी खरंच यायच्या त्याच्या अंगात,
तेव्हा इतकं छान नाचायचा नाही.

पऱ्या आधी कातड्यावर उतरतात,
जिभेवर नंतर.
बापानं मरताना बजावलं होतं,
ही चाल उगाच वाजवू नकोस.

मी वाजवली.

नियत मध्येच थांबला.
त्याच्या तोंडून बाईचा आवाज आला,
बर्फाखालून वाहत्या पाण्यासारखा :
"गादीवर कुणीही बसा.
आमची रानशेळी कुणी मारली?
गाभण होती."

गच्चीवर चिडीचूप.
वजिरानं हळूच
नवे बूट अंगरख्याखाली ओढले.
मीरनं ते पाहिलं.
सगळ्यांनीच पाहिलं.

याक नियतनं परत केले नाहीत,
शेतही नाही. माझी बिदागी
अजून वजिराच्या वाड्याकडे अडकली आहे,
आणि त्या वाड्याला आता कुलूप आहे.

ढोल मात्र
भर उन्हात टांगला तरी
हाताला गार लागतो.