कानातला खडा

सुरमईच्या कानात खडा असतो,
तांदळाच्या कणीहून लहान.
कवटी उघडायची, चिमट्याने अलगद काढायचा,
राळेत बसवून कागदाहून पातळ कापायचा
आणि भिंगाखाली वर्तुळं मोजायची.
एक वर्तुळ, एक वर्ष.
सोहारच्या विद्यापीठात चार वर्षं मी हेच करते.
हर्णैहून आई फोनवर विचारते,
एवढ्या लांब जाऊन तू माशांची डोकीच फोडतेस ना?
हो म्हणते. खोटं कुठे आहे?

दोन हजार एकशे सहा डोकी.
त्यांतून निघालं ते एवढंच, की
म्हाताऱ्या सुरमया राहिल्या नाहीत.
एकदाही अंडी न सोडता ताटात येतात.
मासेमारीची बंदी वीस दिवस आधी लागली
तर बहुधा फरक पडेल.
हे मंत्रालयाच्या कानावर घालायचं होतं.

मस्कतला, पाचव्या मजल्यावर, झुवैनाबाई.
त्यांनी बासष्ट पानं पुरती वाचली होती,
पेन्सिलीने, समासात प्रश्न टाकत.
मग म्हणाल्या, आता याचं एक पान करू.
एकसष्ट पानं टेबलावरून उठली
आणि कुठे गेली ते मी पाहिलं नाही.
उरलेल्या पानावर अरबीत माझं 'बहुधा' नव्हतं.
मी बोट ठेवलं.
त्या म्हणाल्या, शक्यतेवर दंड लावता येत नाही, डॉक्टर.
बोटवाला विचारेल, बहुधा गुन्हा केला म्हणजे काय केलं?
मला हसू आलं. त्यांना नाही.
त्यांनी एकेकाळी खारफुटीवर प्रबंध लिहायला घेतला होता.
अर्धा आहे अजून घरी, म्हणाल्या,
आणि कॉफीचा पेला हलवून नको म्हणाल्या.

वीस दिवसांचे शेवटी नऊ झाले.
उरलेले अकरा कुठे गेले, मी विचारलं.
त्यांनी बोटांवर मोजले:
पाच बर्फाच्या कारखान्यांना,
चार ईदच्या आधीच्या बाजाराला,
दोन कुणालाच नाही,
ते सही व्हायला लागले.
मला राग यायला हवा होता.
पण नऊ दिवस म्हणजे किती अंडी,
हा हिशोब मी लिफ्टमध्येच सुरू केला होता.

सोहारला कोळ्यांच्या सभेत मर्हून उठला.
वय विचारलं तर सांगत नाही,
आणि त्याचं मोजायला माझ्याकडे भिंग नाही.
म्हणाला, बाई, तुझी सगळी डोकी बाजारातली.
बाजारात येतात ती सापडलेली.
न सापडलेल्यांचं वय कुणी मोजलं?
सभेत कुणी खोकलं.
माझ्या तक्त्यात या प्रश्नाला एक ओळ होती,
बासष्टपैकी अठ्ठेचाळिसाव्या पानावर, तळटीपेत.
मीच तिकडे कानाडोळा केला होता.
तो म्हणाला, बंदराच्या नव्या भिंतीमागे पाणी गरम झालंय,
तिथे पोटुशी कनअद महिनाभर आधी येते.
आम्ही तिथे जाळं टाकत नाही.
का, ते त्याने सांगितलं नाही.

नियम छापून आला. नऊ दिवस.
खाली विद्यापीठाचं नाव, आमचं बोधचिन्ह,
आणि 'सिद्ध झाले आहे' असे तीन शब्द
जे मी कधी लिहिले नव्हते.
विभागप्रमुखांनी केक आणला.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रयोगशाळेच्या दारात
थर्माकोलचा खोका. बर्फात सात डोकी.
चिठ्ठी नाही.
झाकणाच्या आतल्या बाजूला कोळशाने काढलेली
बंदराची वाकडी भिंत, आणि मागे एक फुली.

झुवैनाबाईंना फोन केला.
सात फार कमी आहेत, त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, किती लागतील?

तिसरं डोकं भिंगाखाली आहे.
पाच वर्तुळं स्वच्छ दिसतात.
सहावं कडेला आहे की नाही,
हे मी अजून ठरवलेलं नाही.