पिकर्स्गिलबाईंचं ऑफिस

ब्रिडलिंग्टनच्या बंदरामागे, गळाला लावायचे किडे विकतात
त्या दुकानाच्या माडीवर
हिल्डा पिकर्स्गिल बसतात.
जिन्यात खारट वास. वर एक हीटर, एकाच बाजूने तापणारा,
आणि ती बाजू कायम गिऱ्हाइकाकडे वळवलेली.

मी पियानो सुरात लावतो.
चर्चमधले, शाळांमधले, कुणाच्या वारलेल्या आत्यांच्या दिवाणखान्यातले.
नाताळाआधी श्वास घ्यायला उसंत नसते,
फेब्रुवारीत फोनवरची धूळ पुसत बसतो.
अशा माणसाची मिळकत किती?
बँकेतल्या पोराने विचारलं, दरमहा.
मी म्हटलं, कुठल्या महिन्यात?
त्याने पडद्याकडे पाहिलं. पडद्यात फेब्रुवारीसाठी रकाना नव्हता.
"सॉरी," म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं,
कारण जाताना त्याने मला पेन दिलं, बँकेचं नाव छापलेलं.
दुसऱ्या बँकेतही तेच. तिसरीने पेनही दिलं नाही.

लॉरेन म्हणाली, जो तो आपलंच दार दाखवतो,
आणि ते बंद असलं की सांगतो,
गावात दारंच नाहीत.

पिकर्स्गिलबाई आधी पैशांचं बोलल्या. स्वतःच्या.
तुमच्याकडून तीनशे पौंड, काम झालं तरच.
कर्ज देणाऱ्याकडून एवढे.
दोन्ही आकडे लिहून कागद आमच्याकडे फिरवला.
"मी कुठल्याच बँकेची नोकर नाही," म्हणाल्या,
"म्हणून कुणाचीही चूक सांगू शकते.
तुमचीसुद्धा."

मग माझी वही मागितली.
तीन वर्षांच्या पावत्या, कॉफीचे डाग,
एका पाद्र्याने पैशांऐवजी दिलेल्या मधाची नोंद.
सगळी वाचली. बोट ओलं करून पान उलटत, सावकाश.
मी असा फक्त तारांपाशी बसतो:
एक बोलती ठेवायची, शेजारच्या गप्प करायच्या,
आणि थरथर नेमकी कुठे आहे ते ऐकायचं.

सापडली. गाडीचं कर्ज, थोडंसंच उरलेलं,
पण सगळा हिशेब बेसूर करणारं.
आणि ते घर, आम्ही मनातल्या मनात पडदेसुद्धा लावलेले,
कड्यावरचं, ज्याच्या कुंपणाशी
समुद्र दर हिवाळ्यात थोडा आणखी जवळ येतो.
"देईल एक जण," म्हणाल्या, "चढ्या व्याजाने. मी मिळवूनही देईन.
पण पंचवीस वर्षं हप्ते भरायचे
तर पंचवीस वर्षं खाली जमीन लागते."
लॉरेन रडली. मी हीटरकडे बघत राहिलो.
"आठ महिन्यांनी या. आधी गाडी फेडा."

त्या दिवशी त्यांना काहीच मिळालं नाही.
ना तीनशे, ना कागदावरचा तो दुसरा आकडा.
उलट जिन्यापर्यंत येऊन म्हणाल्या,
खालची तिसरी पायरी सैल आहे, जपून.

टेकड्यांपलीकडच्या एका गावात एक पतसंस्था आहे,
जिचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं.
तिथे अर्ज अजून माणूस वाचतो.
त्या माणसाचा बाईंना फोन आला,
बाकी ठीक, पण हे मधाचं काय?
त्यांनी सांगितलं.
मध धरला नाही त्याने. बाकीचं धरलं.
फेब्रुवारीसकट.

घर आता रेल्वेच्या पुलाजवळ. समुद्र दिसत नाही,
दिसतो गॅरेजचा पत्रा आणि शेजाऱ्यांचं लंगडं कुत्रं.
परवा बाईंचं पत्र आलं, दोनच ओळींचं:
व्याजाची मुदत मार्चमध्ये संपते आहे,
आळस करू नका, पुन्हा बाजार बघू.

तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली,
बँकेच्या त्या पेनने.
पेन मात्र चांगलं चालतं.