बाकी काय

विजयनगरला कोर्टाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
एका पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.
बारा वर्षं लोकांच्या नोटिसा काचेवर पालथ्या घातल्या,
एकही वाचली नाही.
वाचायची नसते. उजेड सरकतो, कागद गरम निघतो,
पिन मारायची.

काल माझी आली.

शामरावनगरचा फ्लॅट चैत्रातच गेला.
लिलावाला एकच माणूस, त्याची एकच बोली,
राखीव किमतीला जेमतेम टेकलेली.
किंमत काढणाऱ्यानं भिंतीला टेप लावून लिहिलं होतं:
फरशीपासून चार फूट सात इंच, पुराची खूण.
ती खूण आम्हीच ठेवलेली.
दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा तिथवर येऊन ब्रश थांबवला.
पद्मल म्हणाली होती, राहू दे,
पोरांना कळू दे पाणी कुठवर आलं होतं.
त्या रेघेपायी अडीच लाख कमी धरले.

येणे एकवीस लाख चाळीस हजार.
लिलावातून जमा चौदा लाख पाच.
खाली बारीक अक्षरात जाहिरात, पंचनामा, फी
आणि कुलूप, तीनशे साठ.
माझ्या दाराला त्यांनी घातलेलं कुलूप
माझ्याच नावावर.

शेडबाळे वकिलांना विचारलं,
घर नेलं की त्यांनी. मग आता हे काय?
चष्मा शर्टाला पुसत ते म्हणाले,
अण्णा, घर नुसतं तारण होतं.
तारण विकलं गेलं.
कर्ज तुम्ही घेतलंय, ते तुमच्यापाशीच हाय.
रक्कम वीस लाखाच्या आत, म्हणजे पुण्याला हेलपाटा नाही,
दावा लावला तर इथंच लागेल,
तुमच्या दुकानासमोर.
ते हसले. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मीही हसलो.
आणि नाही लावला तर?
तर तीन वर्षांनी मुदत संपते.
पण मधेच दया येऊन पाचशे रुपये भरू नका,
कशावर सही करू नका,
मुदत परत पहिल्यापासून मोजतात.

दया कुणाची कुणाला यायची, ते विचारायचं राहिलं.

कुपवाडच्या दोन खोल्यांत व्याज आमच्याआधी राहायला आलंय.
सामान लावताना त्याला कोपरा द्यावा लागला नाही,
ते उभ्याउभ्याच वाढतं.
पद्मल जुन्या किल्ल्या अजून डब्यात ठेवते,
हळदीच्या डब्यात, का कुणास ठाऊक.
किल्ल्या पिवळ्या झाल्यात.

जामिनाला बाहुबलीची सही आहे, पद्मलच्या भावाची.
समडोळीच्या शाळेत शिपाई,
पगार बँकेत जमा होतो, म्हणजे त्यांना दिसतो.
त्यालाही नोटीस गेली.
रात्री जेवणं झाली की तो फोन करायचा.
म्हशीचं दूध, पोरीचं गणित, सरपंचाची भानगड,
सगळं संपलं की दम घेऊन विचारायचा,
बाकी काय?
मी म्हणायचो, बाकी काही नाही.
आता म्हशीचं सांगतो, पोरीचं सांगतो,
मग त्या जागी येऊन थांबतो.
तारेवर नुसता पंख्याचा आवाज ऐकू येतो.
ठेवू का, म्हणतो.

आज दुपारी माझी नोटीस मीच काचेवर पालथी घातली.
तीन प्रती. एक वकिलाला, एक बाहुबलीला, एक फायलीला.
गरम कागद हातात धरून पहिल्यांदाच
पानभर वाचलं.
चार ओळींत माझं नाव तीनदा, एकदा चुकीचं.

मग उधारीची वही काढली.
शेडबाळे वकील, दोनशे चौदा रुपये, दिवाळीपासून.
शिंत्रे कारकून, छत्तीस.
बेडगची एक बाई, आठ रुपये, नाव विचारलं नव्हतं,
नुसतं लिहिलंय: हिरवी पिशवी.
ती खटला हरली का जिंकली माहीत नाही,
परत आली नाही.
पेन उघडून हिरव्या पिशवीवर रेघ मारली.
शेडबाळ्यांच्या आकड्यावर टोक नेलं,
बराच वेळ तिथंच धरलं.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

बाहेरून कुणीतरी आधार कार्ड पुढं केलं.
दोन्ही बाजू, म्हणाला.
वही मिटली.